वाशिमची संख्या : ४४४५०५

कलाशाखा घेतली की गणिताशी असलेला आपला संबंध संपला, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. ती थोडी सैल व्हावी, या हेतूने आपल्या रोजच्या ओळखीची एक सहा अंकी संख्या मी येथे तपासली आहे. ती म्हणजे वाशिमचा पिनकोड, ४४४५०५.

पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी, म्हणजे आपल्याच शाखेचे! या संख्येतील पहिले ४४ विदर्भाचे, तर शेवटचे ५०५ वाशिमच्या टपाल कार्यालयाचे. टपालाचे काम येथे संपते आणि गणिताचे सुरू होते.

प्रथम अवयव पाहू. शेवटी ५ असल्याने ५ ने भाग जातो, उरतात ८८९०१. त्यांना १९ ने भागले की येतात ४६७९, आणि ही मूळ संख्या आहे. म्हणून ४४४५०५ = ५ × १९ × ४६७९.

आता देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या कसोट्या लावू. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती ‘हर्षद’ संख्या. आपली बेरीज २२. विषम संख्येला सम संख्येने भाग जाणार नाही. तेव्हा आपली संख्या हर्षद नव्हे.

दुसरी कसोटी ‘स्वयंभू’ची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. आपल्या संख्येला मात्र जनक सापडतो. ४४४४७६ च्या अंकांची बेरीज २९, आणि ४४४४७६ + २९ = ४४४५०५.

तिसरी गंमत सर्वांत मोठी. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची मांडणी वजा करायची आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करायची. अंक सगळे सारखे नसतील, तर चार अंकी संख्या शेवटी ६१७४ वरच थांबते. हाच कापरेकर स्थिरांक. आपली संख्या अशी चालते :

५५४४४० − ०४४४५५ = ५०९९८५
९९८५५० − ०५५८९९ = ९४२६५१
९६५४२१ − १२४५६९ = ८४०८५२

पुढे ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३ आणि पुन्हा ८४०८५२! काही सहा अंकी संख्या ५४९९४५ किंवा ६३१७६४ वर थांबतात. वाशिमची मात्र सात संख्यांच्या रिंगणात कायमची फिरत राहते.

कापरेकरांच्या या कामाला पोरखेळ म्हणणारे तज्ज्ञही होते. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. त्यांचे भांडवल काय, तर कागद, पेन्सिल आणि चिकाटी. मित्रहो, ते आपल्याजवळही आहे. रिसोडकरांनी ४४४५०६ घ्यावा, कारंजेकरांनी ४४४१०५, आणि आपल्या गावाची संख्या थांबते की फिरते, ते स्वतःच पाहावे.