भाकर आणि हुन्नर : न्यू ऑर्लिन्स येथील एका उपाहारगृहाचा पाठ

अन्नदान हे सत्कर्म होय, असे आपल्या देशात सर्व धर्मांचे लोक मानीत आले आहेत. दुष्काळात अन्नछत्रे उघडतात, जत्रेत पंगती बसतात, आणि दारी आलेल्यास चतकोर भाकर दिल्यावाचून आपल्याकडील गृहिणी जेवावयास बसत नाही. ह्यात गैर काहीच नाही. भुकेल्यास आधी भाकर द्यावी व उपदेश मागाहून करावा. परंतु जेवून गेलेला मनुष्य उद्या त्याच दारी येतो, परवाही येतो. मग देणाऱ्यास हळूहळू कंटाळा येतो, आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. अशा वेळी प्रश्न उभा राहतो की, भाकर देत असताना ती मिळविण्याचे सामर्थ्य कसे द्यावे?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या एका गरीब वस्तीत शोधण्यात आले. तेथे २००० साली 'कॅफे रिकन्साइल' नावाचे उपाहारगृह उघडण्यात आले. रिकन्साइल ह्या शब्दाचा अर्थ समेट करणे असा आहे. हे उपाहारगृह कोणाच्या नफ्यासाठी काढलेले नव्हते. वस्तीतील तरुणांस काम शिकवावे व नोकरीस लावावे, एवढाच त्याचा हेतु होता. प्रस्तुत पाठात त्याचा विचार करू.

१. तो रस्ता

न्यू ऑर्लिन्स हे लुइझियाना प्रांतातील मोठे शहर मिसिसिपी नदीच्या काठी वसले आहे. तेथील सेंट्रल सिटी ह्या भागात ड्रायडस स्ट्रीट नावाची मोठी बाजारपेठ होती. त्या काळी गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांस वेगळे ठेवण्याचे कायदे होते. कृष्णवर्णीय लोक ह्या पेठेत खरेदीस येत. दुकानदार त्यांचे पैसे आनंदाने घेत. परंतु त्यांच्यापैकी कोणास गल्ल्यावर किंवा विक्रीच्या कामावर ठेवीत नसत. झाडलोट व ओझी वाहणे एवढेच काम त्यांच्या वाट्यास येई. म्हणून १९६० साली तेथील लोकांनी ह्या दुकानांवर बहिष्कार घातला.

त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी ओरेथा कॅसल नावाची एकवीस वर्षांची तरुणी आपल्या तीन सोबत्यांसह कॅनल स्ट्रीटवरील मॅकक्रोरी दुकानाच्या खाण्याच्या मेजापाशी जाऊन बसली. ते मेज केवळ गोऱ्यांसाठी होते. त्या सोबत्यांपैकी एक जण स्वतः गोरा होता. चौघांस तेथेच अटक झाली व पुढे शिक्षाही झाली. हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६३ साली ती शिक्षा रद्द ठरली. पुढे १९६४ च्या कायद्याने उपाहारगृहांची दारे सर्वांस खुली झाली. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी गावच्या चहाच्या दुकानाबाहेर वेगळ्या कपात चहा घेतला, त्या आमच्या वाचकांस ह्या गोष्टीचे महत्त्व फोड करून सांगण्याची गरज नाही.

ओरेथा कॅसल हेली १९८७ साली वारल्या, आणि १९८९ साली ड्रायडस स्ट्रीटच्या एका भागास त्यांचे नाव देण्यात आले. परंतु तोपर्यंत त्या पेठेची कळा पार गेली होती. दुकाने उठून गेली होती, इमारती ओस पडल्या होत्या, आणि तरुणांस काम नव्हते. मेजापाशी बसण्याचा हक्क मिळाला होता. पण बसणाऱ्याच्या खिशात पैसा व हातात हुन्नर येणे अद्याप बाकी होते.

२. उपाहारगृह का?

ह्या रस्त्यावरील एका पडीक इमारतीत हे काम सुरू झाले. ते सुरू करणाऱ्यांत क्रेग कुचिया नामक गृहस्थ व हॅरी टॉम्पसन नावाचे येशूसंघी पाळक हे प्रमुख होते. टॉम्पसन हे रोमन कॅथलिक पंथाचे. परंतु चांगले काम कोणत्या पंथीयाच्या हातून झाले हे विचारण्यापेक्षा ते कसे झाले हे विचारणे आम्हांस अधिक हितावह वाटते. टॉम्पसन हे उपाहारगृह उघडल्यावर थोड्याच काळात, म्हणजे २००१ साली, निवर्तले. तरी काम थांबले नाही.

कोणी विचारील की, शिंपीकाम किंवा सुतारकाम न शिकवता खाद्यपदार्थांचेच काम का निवडले? ह्याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की, न्यू ऑर्लिन्स हे खवय्यांचे व प्रवाशांचे शहर आहे. तेथील हॉटेलांस आचारी व वाढपी सदा हवेच असतात. जे काम शिकून बाजारात मागणी नाही, ते शिकविणे म्हणजे गरिबाची वर्षे वाया घालविणे होय. दुसरे कारण अधिक खोल आहे. शिवलेला सदरा आज नाही तर उद्या देता येतो. पण दुपारी बारा वाजता आलेला भुकेला ग्राहक उद्यापर्यंत थांबत नाही. कोणी उशिरा आला, कोणी भांडला, कोणी हात न धुता भांड्यास लागला, तर त्याचा परिणाम त्याच घटकेस सर्वांच्या डोळ्यांपुढे येतो. म्हणून वेळ पाळणे, स्वच्छता, राग आवरणे व सोबत्याचे काम सावरून घेणे हे गुण भटारखान्यात जितके लवकर अंगी बाणतात तितके केवळ व्याख्यानाने बाणत नाहीत.

३. शिक्षणाचा क्रम

येथे १६ ते २४ वर्षांच्या तरुण-तरुणींस घेण्याची पद्धत ठेवण्यात आली. कोणी शाळा अर्धवट सोडलेली, कोणी कोर्टकचेरीच्या फेऱ्यात सापडलेला, तर कोणास राहावयास धड घर नाही. आरंभी त्यांस वर्गात बसवून जीवनास लागणाऱ्या साध्या गोष्टी शिकवीत: वेळेवर कसे यावे, वरिष्ठांशी कसे बोलावे, पैशाचा हिशेब कसा ठेवावा, नोकरीसाठी भेटीस जाताना काय सांगावे. त्यानंतर प्रत्यक्ष काम. भाजी चिरणे, शिजविणे, भांडी घासणे, ग्राहकाचे स्वागत करणे, वाढणे, अशी एकेक जागा आळीपाळीने सर्वांस करावी लागे. शेवटी शहरातील दुसऱ्या एखाद्या हॉटेलात उमेदवारी.

ही शेवटची पायरी आमच्या मते फार महत्त्वाची आहे. दयाळू शिक्षकाच्या छायेत कोणीही चांगले काम करील. परंतु ज्या मालकास आपली कर्मकथा ठाऊक नाही आणि जो केवळ काम पाहतो, त्याच्या हाताखाली टिकणे हीच खरी परीक्षा होय.

४. ग्राहकाचे काम

ह्या उपाहारगृहाची कीर्ति कशामुळे झाली? तेथील चवीमुळे. पांढऱ्या घेवड्यात शिजविलेली कोळंबी आणि केळी घातलेले पावाचे पुडिंग हे पदार्थ तेथे नावाजले. दुपारच्या वेळी वकील, कारकून, मजूर व शेजारपाजारचे लोक जेवावयास येऊ लागले व दाम मोजून जेवू लागले. ही गोष्ट आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. बेचव अन्न दयेपोटी एकदा कोणीही खाईल. दुसऱ्यांदा खाणार नाही. आणि वाढणाऱ्या मुलासही ते कळते. ग्राहक जेव्हा दाम मोजतो व पुन्हा येतो, तेव्हा त्या मुलास प्रथमच असा प्रत्यय येतो की, माझ्या हातचे लोकांस हवे आहे. हा प्रत्यय कोणत्याही देणगीने विकत घेता येत नाही.

५. हिशेबाची बाजू

येथे आम्ही वाचकांस भ्रमात ठेवू इच्छीत नाही. असे उपाहारगृह आपल्या पायावर पूर्णपणे उभे राहत नाही. नवशिके हात सावकाश चालतात, नासधूस अधिक होते, आणि एखादा मुलगा कामात तरबेज झाला की तो बाहेर नोकरीस जातो व नवा अडाणी मुलगा त्याच्या जागी येतो. व्यापारी दृष्टीने हा तोटाच. म्हणून विक्रीच्या उत्पन्नास देणग्यांची जोड द्यावी लागते. शिवाय आलेला प्रत्येक जण शेवटपर्यंत टिकतो असेही नाही; कित्येक मध्येच सोडून जातात.

संकटेही आली. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रिना नावाच्या वादळाने शहराचे बांध फुटले, आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लोक देशोधडीस लागले. तरी त्या वर्षाच्या अखेरीच्या आत ह्या उपाहारगृहाची चूल पुन्हा पेटली. ज्या शहरात कामकरी माणसेच उरली नव्हती, तेथे काम शिकलेल्या हातांची गरज पूर्वीपेक्षा अधिक होती.

६. आम्हांस बोध

आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांस उपाहारगृह काढणे जमणार नाही, आणि त्याची जरूरीही नाही. परंतु त्यामागील रीत आम्हांस घेता येईल. लग्नकार्याचा स्वयंपाक करणारा आचारी, गवंडी, शिंपी, मोटारी दुरुस्त करणारा कारागीर, असा एखादा मनुष्य पंचक्रोशीत असतोच. उपदेशकाने त्याची गाठ घ्यावी व रिकाम्या बसलेल्या एका मुलास किंवा मुलीस त्याच्या हाताखाली द्यावे. येण्याजाण्याची वेळ ठरवावी. शिकण्याच्या काळात घरची चूल बंद पडू नये म्हणून मंडळीने त्या घरास थोडे धान्य द्यावे. हे दान खऱ्या अर्थाने फळास येईल. काम चुकले तर ते गोड बोलून झाकू नये, आणि एका चुकीसाठी हाकलूनही देऊ नये. पुढे त्यास परक्या मालकाकडे पाठवावे. आणि आपण त्याच्याकडून काम करवून घेतले तर त्यास पुरे दाम द्यावे. "आपल्याच मंडळीचा आहे, फुकट करील," असे म्हणणारे लोक त्याचा हुन्नर व त्याचे मन दोन्ही मारतात.

मंडळीत वाचून झाल्यावर विचारावयाचे प्रश्न

(१) ड्रायडस स्ट्रीटवरील दुकानांवर लोकांनी बहिष्कार का घातला?
(२) मेजापाशी बसण्याचा हक्क मिळाल्यावरही कोणती उणीव राहिली?
(३) भटारखान्यात कोणते गुण लवकर अंगी येतात, व का?
(४) परक्या मालकाकडे उमेदवारी करणे का अगत्याचे आहे?
(५) आपल्या गावात काम शिकवू शकेल असा कोण आहे, आणि त्याच्याकडे ह्या महिन्यात कोणास पाठविता येईल? नावे घेऊन उत्तर द्यावे.