जॅझमधील उत्स्फूर्त वादन
जॅझमधील उत्स्फूर्त वादन म्हणजे स्वैर वादन नव्हे. जॉनी ग्रीन यांनी १९३० साली स्वरबद्ध केलेले ‘बॉडी अँड सोल’ हे गीत पाहू. त्याच्या ३२ बारांचे प्रत्येकी ८ बारांचे चार भाग पडतात. तिसऱ्यात स्वरपट्टी बदलते, इतर तिन्ही जवळजवळ सारखे.

प्रथम मूळ चाल गळ्यावर चढवावी. मग प्रत्येक बारातील कॉर्ड, म्हणजे एकसमयी वाजणारा स्वरसमूह, लिहून काढावा व त्याच्या आधारे नवी चाल गुंफावी. १९३९ साली कोलमन हॉकिन्स यांनी सॅक्सोफोनवर मूळ चाल लवकरच सोडली; कॉर्डांचा क्रम मात्र सोडला नाही.

चाल पाठ न करताच आम्ही वाजवू गेलो आणि तिसऱ्या भागात वाट चुकलो. मूळ पक्के असेल, तरच नावीन्य शोभते.