१५ ऑगस्टनंतर तिरंग्याचे काय?



स्वातंत्र्यदिनी मिस्सानंतर मुलांच्या हाती कागदी तिरंगे असतात; संध्याकाळी तेच रस्त्यावर पडलेले दिसतात. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार कागदी ध्वजही जमिनीवर टाकू नये. तो खासगीत, सन्मानाने नष्ट करावा.

फाटका वा विटलेला कापडी ध्वज लावू नये. त्याचे फडके तर नकोच! तो अखंडच, एकांतात, शक्यतो जाळावा. पुष्कळांना जाळणे हाच अपमान वाटतो, पण ही रीत संहितेनेच सांगितली आहे. चारचौघांत जाळणे मात्र १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

२०२२ पासून घरावरचा ध्वज रात्रीही ठेवता येतो. म्हणून तो महिनाभर पावसात विसरावा असे नव्हे. चांगला ध्वज उतरवून, वाळवून, घडी घालून कपाटात ठेवावा.