रेव्हरंड टिळकांची कविता : धर्मांतर आणि घरचे संस्कार

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या कवितेचा विचार आपल्याकडे बहुधा दोन कप्प्यांत केला जातो. एका कप्प्यात केशवसुतांच्या बरोबरीने आधुनिक मराठी कवितेच्या आरंभकाळात लिहिणारे, फुलामुलांचे कवी टिळक असतात. दुसऱ्यात ‘अभंगांजली’ आणि ‘ख्रिस्तायन’ लिहिणारे धर्मोपदेशक टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तो दिवस या दोन कप्प्यांमधील भिंत मानला जातो. परिणामी पहिल्या टिळकांच्या चार-दोन कविता क्रमिक पुस्तकांत राहतात आणि दुसरे टिळक ख्रिस्ती उपासनेपुरते उरतात. ही विभागणी कवितेच्या अंगाने टिकत नाही, असे प्रस्तुत निबंधाचे म्हणणे आहे. टिळकांचा धर्म बदलला. परंतु ईश्वराशी बोलण्याची जी रीत त्यांना घरातून मिळाली, ती बदलली नाही. त्यांच्या रोमँटिक वृत्तीचे बळही पुष्कळ अंशी त्या रीतीतच आहे.

२

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई जानकीबाई भाविक होत्या व त्यांना कवितेची गोडी होती. टिळक लहान असतानाच त्या वारल्या. पुढे नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ टिळकांनी संस्कृताचे अध्ययन केले. ‘धार्मिक संस्कार’ हा शब्द आपण एकवचनी अर्थाने वापरतो. टिळकांच्या बाबतीत मात्र त्याचे दोन प्रवाह वेगळे करावे लागतात. एक आईकडून आलेला, मराठी, गेय आणि भक्तिपर. दुसरा शास्त्र्यांकडून आलेला, ग्रंथनिष्ठ आणि वृत्तबद्ध.

दुसऱ्या प्रवाहाची कसोटी विदर्भात लागली, ही गोष्ट आपल्या भागातील अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी धर्मग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ हे धर्मचर्चेचे मासिक चालविले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलची प्रत दिली. त्यानंतरच्या दोन वर्षांत जे ढासळले, ते प्रामुख्याने शास्त्राचे प्रामाण्य आणि जातिभेदाचे समर्थन. आईकडून आलेला प्रवाह या वादात सापडलाच नाही. आपण तुकारामरूपी सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळकांचे सांगणे प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ या संदर्भात नीट लागतो. सेतू ओलांडणाऱ्याने तो मोडलेला नाही.

३

‘केवढे हे क्रौर्य!’ ही बहुतेकांना शाळेपासून परिचित असलेली कविता उदाहरणादाखल घेऊ. शिकाऱ्याच्या घावाने जखमी झालेली पक्षिणी कशीबशी घरट्याशी पोचते, पिलांना अखेरचा घास भरविते आणि त्यांना प्रभू पित्याच्या हवाली करून प्राण सोडते. वृत्त पृथ्वी आहे. ती शास्त्र्यांकडील शिदोरी. प्रतिमा मात्र दुसरीकडून आली आहे. पहाटे चाऱ्यासाठी गेलेली पक्षिणी आणि उपाशी वाट पाहणारे पिलू हे चित्र नामदेवांच्या अभंगात आहे. तेथे ते दृष्टांत म्हणून येते. पिलू जशी आईची, तशी भक्त देवाची वाट पाहतो. दृष्टांताचे काम संपले की पक्षिणी मागे पडते, भक्त आणि देव उरतात.

टिळकांनी या दृष्टांतालाच वस्तुस्थिती केले. त्यांच्या कवितेत पक्षिणी दुसऱ्या कशासाठी येत नाही. तिचे मरण हाच कवितेचा विषय आहे. निसर्गातील जीवाला स्वतःचे दुःख आणि स्वतःचा आवाज देणे ही रोमँटिक दृष्टी होय. पण ती येथे केवळ इंग्रजी कवितेच्या वाचनातून आली, असे मानल्यास मराठी मुळाकडे दुर्लक्ष होते. भक्तिपरंपरेने पक्षिणीला आईपण आधीच दिलेले होते. टिळकांनी तिला मरण दिले, आणि ती आधुनिक कवितेत आली.

४

येथे एक आक्षेप संभवतो. ओवी, अभंग, कीर्तन ही रूपे धर्मप्रसाराची साधने म्हणून टिळकांच्या पूर्वीही वापरली गेली होती. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचे. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने रचली. मग टिळकांचा अभंग हेही एक धोरणच नव्हे काय?

धोरणाचा अंश नाकारण्याचे कारण नाही. परंतु स्टीफन्स यांनी मराठी प्रौढपणी, परिश्रमाने आत्मसात केली. टिळकांना ती मांडीवर मिळाली. या भेदाचा पुरावा आशयात सापडतो. शुभवर्तमानांत ईश्वर मुख्यतः पिता आहे. टिळक आपल्या गीतांत ख्रिस्ताला माउली म्हणतात, गुरुमाउली म्हणतात. हे संबोधन त्यांना वारकऱ्यांच्या विठाईकडून मिळाले. केवळ साधन म्हणून घेतलेले रूप आशयाला हात लावीत नाही. येथे रूपाने आशयाचे नाते बदलले आहे. पक्षिणीच्या कवितेत आई मरते आणि लेकरे पित्याकडे सोपविली जातात. गीतांत तो प्रभूच आई होऊन परत येतो. बालपणीच्या मातृवियोगाला याचे एकमेव कारण ठरविणे उतावीळपणाचे होईल. तथापि ही संगती योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

५

या संस्काराची मर्यादाही नोंदविली पाहिजे. परंपरेची भाषा इतकी हाताशी असली, की ती कवीच्या वतीने बोलू लागते. टिळकांच्या काही अभंगांत अनुभवाऐवजी उपदेशच उरतो. ज्या बालकवींना टिळक दांपत्याने अहमदनगरच्या घरी मुलासारखे ठेवून घेतले, त्यांच्या कवितेत निसर्ग कोणत्याही ईश्वराची साक्ष न काढता स्वयंपूर्ण उभा राहतो. टिळकांना ते जमले नाही, किंबहुना त्यांना ते नकोच होते. त्यांनी दिलेली किंमतही लहान नव्हती. धर्मांतरानंतर संसार काही वर्षे दुभंगला. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही दीक्षा घेतली. तोवरचा ताण त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचावयास मिळतो. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. कवितेने जी भिंत मानली नव्हती, ती अखेरीस जीवनातही त्यांनी मानली नाही.

६

वऱ्हाडातील आपला विद्यार्थी तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने ऐकत वाढलेला असतो. अभंगाची चाल त्याला शिकवावी लागत नाही. त्याच्यापुढे नामदेवांची पक्षिणी, टिळकांची पक्षिणी आणि टिळकांची गुरुमाउली एका तासाला ठेवून पाहावे. ‘ख्रिस्ती कवी’ हे विशेषण त्यानंतर टिळकांची ओळख सांगण्यास अपुरे वाटेल, आणि ‘फुलामुलांचे कवी’ हेही.