इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी : चार्जिंग व निगा



अलीकडे आपल्या कार्यक्षेत्रात बॅटरीवरच्या सायकली बऱ्याच दिसू लागल्या आहेत. कोणी मळ्यात मोटर चालू करायला तीवर जातो, कोणाची मुलगी हायस्कूलला जाते, आमचे दोन चिटबॉयसुद्धा तीवरच प्लॉट फिरतात. ऊसवाल्या माणसाने बॅटरीवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. गेल्या साली गाळप संपले तेव्हा आम्ही आमची सायकल पार रिकामी करून गोठ्याच्या भिंतीला टेकवली आणि विसरलो. दसऱ्याला काढली तर बॅटरी चार्जच घेईना. दुकानदाराने मीटर लावला आणि म्हणाला, "साहेब, सेल मेले." सायकलच्या किमतीचा तिसरा हिस्सा नव्या बॅटरीत गेला. चूक दुकानदाराची नव्हती, आमचीच होती.

घोटाळा होतो तो सवयीमुळे. आपल्या फवारणी पंपात १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरते, म्हणून ती नेहमी भरून ठेवावी लागते. सायकलमध्ये बहुधा लिथियम बॅटरी असते आणि तिचा स्वभाव निराळा. तिला पार रिकामे पडून राहणे सोसत नाही आणि उन्हाळ्यात काठोकाठ भरून पडून राहणेही मानवत नाही. तेव्हा पंप व सायकल दोन्ही घरात असतील, तर एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

साधारण ३६ व्होल्टच्या बॅटरीत दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे सगळे मिळून ४२. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याची खराबी सुरू होते. आत एक छोटे सर्किट असते, ते वेळीच पुरवठा तोडते. पण तोडल्यावरही ते स्वतः थोडा थोडा करंट खातच राहते. चार-पाच महिन्यांत उरलेसुरले संपते. आमच्या सायकलचे नेमके हेच झाले.

म्हणून सायकल महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरावी, काढता येत असेल तर काढून घरात सावलीला, कोरड्या जागी ठेवावी व महिन्यातून एकदा बघावी. दिवा एकावर आला असेल तर पुन्हा निम्मी भरावी. रोजच्या वापरात पाचवा हिस्सा उरला की चार्जिंगला लावावी, पार संपेपर्यंत ओढू नये. रोज थोडे थोडे चार्जिंग केले तर बॅटरी 'बसते' हा समज या जातीला लागू नाही. लांब जायचे असेल त्या दिवशी पूर्ण भरावी. एरवीही महिन्यातून एखाद्या वेळी पूर्ण भरून, हिरवा दिवा लागल्यावर तासभर तशीच ठेवावी, म्हणजे सेल एकमेकांच्या बरोबरीला येतात.

उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नये. हाताला गार लागेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावे. १० अँपिअर-तासाची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरवर पाच-सहा तासांत भरते आणि वीज अर्ध्या युनिटापेक्षा कमीच लागते. एवढ्यासाठी मळ्यातल्या मोटरच्या पेटीतून एक फेज ओढून चार्जर लावण्याचे काही कारण नाही. काही सभासद तसे करतात, हे आम्ही पाहिले आहे. न्यूट्रल निसटली की २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट येतात. चार्जर तर जळतोच, आणि बाजूला पाचट पडलेले असते. घरच्या लाईटवर, जागे असताना, फरशीवर ठेवून चार्ज करावे. गवताच्या गंजीजवळ, अंथरुणाशेजारी किंवा घराच्या एकुलत्या एका दाराशी मुळीच नको. पेट घेतला तर बाहेर पडायला वाट राहिली पाहिजे.

चार्जर अदलाबदल करू नये. पिन बसते म्हणून चालते असे नाही. ४८ व्होल्टच्या सायकलचा चार्जर ५४ च्या वर व्होल्ट देतो, तो ३६ च्या बॅटरीला घातक. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावणे हेही तसेच.

पावसात भिजली तर फडक्याने पुसावी, पिना वाळू द्याव्यात, मगच प्लग. जनावरांचा गोठा धुताना पाइपाचा फवारा मारून सायकल धुवू नये. बॅटरी फुगली, पडून चेपली, गोड-उग्र वास येऊ लागला किंवा नुसती ठेवली असताना गरम लागली तर चार्जिंग बंद करून ती घराबाहेर मोकळ्यावर, पाचटापासून लांब ठेवावी. घरी उघडून बघू नये, पोरांच्या हाती देऊ नये.

जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, तिथून ती शेणखताबरोबर रानात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा नवी घेताना जुनी परत घेणार का, हे दुकानदाराला आधी विचारावे, आणि पावतीवर बॅटरीचा नंबर व वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. आमच्या पावतीवर नंबर नव्हता.

— ऊस विकास अधिकारी