निघण्याआधी औषधांची पिशवी उपडी करा

तंजावरहून त्रिचीचा विमानतळ तासा-सव्वा तासावर, आणि तिथून सिंगापूर चार-सव्वाचार तासांवर. पश्चिम राजवीथीतल्या एखाद्या मराठी घरातले आजी-आजोबा मुलाकडे निघाले की पापड, मेतकूट, सांडगे महिनाभर आधी बॅगेत जाऊन बसतात. औषधं मात्र आदल्या रात्री, हाताला लागतील तशी, एका कॅरीबॅगेत कोंबली जातात. हा क्रम उलटा करायचा. पापडाला कोणाची परवानगी लागत नाही, एखाद्या गोळीला लागू शकते. सिंगापूरच्या आरोग्यविज्ञान प्राधिकरणाकडे अशा परवानगीचा अर्ज आपण तिथे पोहोचण्याच्या निदान दहा कामकाजाच्या दिवसांआधी करावा लागतो. म्हणून तिकीट निघालं की त्याच आठवड्यात औषधांना हात घालावा.

सुरुवात अशी करा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि घरातली औषधांची पिशवी त्यावर उपडी करा. रोज घ्यायच्या गोळ्या एका बाजूला, लागल्या तर घ्यायच्या दुसऱ्या बाजूला. उरलेला तिसरा ढीग बहुधा सगळ्यात मोठा निघतो : मागच्या वर्षीच्या खोकल्याचं अर्धं औषध, जावयाची अँटिबायोटिकं, कशासाठी आणली होती ते कोणालाच न आठवणारी पिवळी गोळी. हा ढीग घरीच राहील. शेजारच्या मामींनी त्यांच्या भाच्यासाठी दिलेलं पाकीटही ह्याच ढिगात टाका. दुसऱ्याच्या नावाचं औषध तुमच्या बॅगेत सापडलं की त्याचा खुलासा तुम्हालाच करावा लागतो, आणि मामी तिथे नसतात. त्यांना रागवायचं असेल तर खुशाल रागवू द्या.

आता चष्मा लावा. प्रत्येक पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि त्याच्या आसपास बारीक अक्षरात आतल्या द्रव्याचं. आपल्याला हवं आहे ते बारीक नाव. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, थायरोनॉर्म म्हणजे थायरॉक्सिन. परदेशातल्या कस्टमच्या माणसाला टेल्मा ठाऊक नसते, टेल्मिसार्टन त्याच्या यादीत चटकन सापडतं. अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी दोन नावं लक्षात ठेवावीत : आपलं पॅरासिटॅमॉल तिथे असिटामिनोफेन, आणि दम्याच्या पंपातलं साल्ब्युटॅमॉल तिथे अल्ब्युटेरॉल. वहीच्या पानावर पाच रकाने आखा : आतलं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कशासाठी, किती गोळ्या नेणार. पुढचं सगळं ह्या एका पानावर चालतं.

यादी करताना एक गोष्ट मुद्दाम शोधा. काही पट्ट्यांवर लाल रंगात ‘एनआरएक्स’ अशी रोमन अक्षरं असतात. नुसतं ‘आरएक्स’ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध. त्याच्या आधी ‘एन’ आला की ते अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याखाली येतं. आजी-आजोबांच्या पिशवीत असली गोळी कशी येईल, असं वाटेल. हमखास येते. झोप लागत नाही म्हणून दिलेली अल्प्राझोलॅम ह्यातलीच. गुडघेदुखीसाठी सर्रास मिळणाऱ्या अल्ट्रासेटमध्ये पॅरासिटॅमॉलच्या जोडीला ट्रॅमाडॉल असतं, आणि ट्रॅमाडॉल २०१८ साली भारतानेही ह्या कायद्याखाली आणलं. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, पोट ह्यांच्या गोळ्यांना सहसा कोणी काही विचारत नाही. सगळी खटपट असते ती ह्या एक-दोन गोळ्यांची. तेव्हा देशाचे नियम धुंडाळण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, ही बदलता येईल का? ट्रॅमाडॉलच्या जागी साधी वेदनाशामक चालत असेल तर निम्मी कागदपत्रं वाचतात. मात्र झोपेची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलॅम अचानक सोडली तर त्रास होतो.

गोळी बदलता येत नसेल तर त्या देशाच्या आरोग्यखात्याच्या किंवा औषध नियंत्रकाच्या संकेतस्थळावर जा. नातवाला बसवलंत तर अर्ध्या तासाचं काम. सिंगापुरात स्वतःपुरतं तीन महिन्यांचं औषध नेता येतं, पण झोपेच्या, चिंतेच्या काही गोळ्या आणि तीव्र वेदनाशामकं ह्यांना आधी परवानगी लागते. अमिरातीत ट्रॅमाडॉल आणि कोडीन नियंत्रित आहेत. दुबईला निघालेल्यांनी चिठ्ठी, वैद्यकीय अहवाल आणि पासपोर्टची प्रत जोडून आगाऊ ऑनलाइन परवानगी काढावी. जपान सर्वांत कडक. तिथे चिठ्ठीवरची औषधं महिन्याभरापुरती चालतात, त्याहून जास्त न्यायची तर आयातीचं प्रमाणपत्र आधी मागवावं लागतं. सर्दीच्या औषधात स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ते बंद, आणि अ‍ॅम्फेटामिनचं औषध चिठ्ठी असली तरी बंद. अमेरिकेत साधारण नव्वद दिवसांपुरतं न्यावं. सहा महिने राहणार असाल तर उरलेल्या तीन महिन्यांची सोय तिथल्या डॉक्टरांकडूनच करावी. ‘नंतर कुरियरने पाठवू’ ह्यावर विसंबू नका, तिकडे पार्सल अडतं. विमान मध्ये कुठे बदलत असाल तर त्याही देशाचा नियम पाहून ठेवा. रात्रीपुरतं हॉटेलात जायला बाहेर पडलात की तिथलं कस्टम लागलंच.

आता डॉक्टरांची चिठ्ठी. ह्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) नेत्ररोग्यांचे कागद ठेवले होते : रोग्याची हकिगत, डोळ्याचं रंगीत चित्र, केलेला उपचार. ते आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. दोनशे वर्षांनंतर आपल्या हातात चिठ्ठी येते ती ‘सेम टॅब्लेट्स, वन मंथ’ एवढीच, तीही फक्त डॉक्टरांना आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला वाचता येईल अशी. ती विमानतळावर उपयोगाची नाही. लेटरहेडवर इंग्रजीत, छापील अक्षरांत पत्र मागा. त्यात जन्मतारीख, आजार, वहीतल्या यादीप्रमाणे प्रत्येक औषधाचं आतलं नाव, मात्रा, किती दिवसांसाठी किती गोळ्या, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. इन्सुलिन असेल तर सुया आणि पेन सोबत आहेत, हे वाक्यही हवं. डॉक्टर गडबडीत असतात, म्हणून मजकूर तुम्हीच टाइप करून न्या. ते वाचून, दुरुस्त करून सही करतील.

पत्रातल्या नावाकडे तमिळनाडूतल्या माणसांनी जास्त लक्ष द्यायचं. इथे आडनाव लावायची रीत नाही, आद्याक्षर लावतात, आणि तंजावरच्या मराठी घरांनीही पिढ्यान्‌पिढ्या तेच उचललं आहे. दवाखान्याच्या चिठ्ठीवर ‘आर. सावित्री’, मेडिकलच्या बिलावर ‘सावित्री अम्मा’, आणि पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव सबंध उलगडून आडनावाच्या रकान्यात बसलेलं. गावात ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, सिंगापूरच्या चांगी विमानतळावर कोणाला माहीत असणार? पत्र, चिठ्ठी आणि बिल तिन्हींवर नाव पासपोर्टाप्रमाणे, त्याच स्पेलिंगने लिहून घ्या.

खरेदी शेवटी, पण एकदमच करा. मुक्कामाचे दिवस गुणिले रोजच्या गोळ्या, वर आठवड्याभराची भर, तीही त्या देशाच्या मर्यादेत बसली तरच. सबंध पट्ट्या घ्या. मेडिकलवाला कात्रीने चार गोळ्या कापून देतो तेव्हा मुदत आणि बॅच नंबर छापलेला तुकडा नेमका त्याच्याकडे राहतो, आणि आपल्या हातात येतो तो नावाचं अर्धं अक्षर असलेला चांदीचा कागद. सरकारी दवाखान्यातून कागदी पाकिटात सुट्या मिळालेल्या गोळ्या प्रवासात नेऊ नका, त्याच औषधाची पट्टी बाहेरून घ्या. वाराच्या खणांची प्लास्टिकची डबी रिकामी न्या, तिथे पोहोचल्यावर भरा. संगणकावरचं बिल मात्र जपा. त्यावर औषधाचं नाव, बॅच, मुदत, संख्या सगळं असतं.

देशी औषधांचं काय? नाट्टु मरुंदु कडै, म्हणजे इथलं काष्ठौषधींचं दुकान, आपल्याला घरासारखं. पण तिथली कागदी पुडी परक्या देशात नुसती पावडर ठरते. निलवेंबूचं चूर्ण, दिवाळीचं लेह्य न्यायचंच असेल तर कंपनीचं, लेबलवर घटक छापलेलं, सीलबंद घ्या. सिद्ध आणि आयुर्वेदातली पारा-शिसं असलेली भस्मं व सिंदूर घरी ठेवा. जातिफलादि चूर्णात भांग असते, ते तर चुकूनही नको. सिंगापुरात अमली पदार्थांच्या कायद्याशी खेळ नसतो. औषधांबरोबर फराळाचा डबाही तपासा. खसखस अफूच्याच बोंडातली, म्हणून अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि सिंगापूरही तिला परवानगीशिवाय आत घेत नाही. अनारसे न्यायचे तर ह्या खेपेला खसखशीविना.

भरताना सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. सोबतीला कोणी असेल तर दोन-तीन दिवसांच्या गोळ्या त्यांच्याकडे, पत्राच्या प्रतीसह. मोठी बॅग भलत्याच गावी गेली तरी सकाळची गोळी चुकत नाही. इन्सुलिन चेक-इनच्या सामानात घालू नका, खाली ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. आपल्याकडे धोका उन्हाचाही. मे महिन्यात विमानतळाच्या वाटेत वल्लमला कॉफीसाठी थांबलात तर पिशवी गाडीत न ठेवता हातात घेऊन उतरा. थंड राखायच्या पाकिटाला इन्सुलिन थेट टेकवू नका, मध्ये रुमाल गुंडाळा.

सुरक्षातपासणीत सुया आणि शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ औषध असेल तर ट्रे पुढे सरकवण्याआधीच सांगा, पत्र हातात ठेवा. विमानात घड्याळ बदललं तरी रात्रीची गोळी दोनदा घेऊ नका. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे, दुबई दीड तास मागे, एवढ्या फरकाने रोजच्या गोळ्यांना फारसं बिघडत नाही. अमेरिकेला जाताना मात्र इन्सुलिनचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. उतरल्यावर नियंत्रित औषध जवळ असेल तर हिरव्या वाटेने न जाता लाल वाटेने जा, यादी, पत्र आणि परवानगी एकावर एक ठेवून पुढे करा, आणि विचारतील तेवढंच उत्तर द्या. नियंत्रित गोळ्या शिल्लक राहिल्या तर तिथल्या ओळखीच्यांना वाटू नका, मोजून परत आणा. परवानगीचा कागदही फाडू नका, परतीच्या विमानात बसेपर्यंत तो पासपोर्टातच असू द्या.