ॲस्बेस्टॉसजन्य फुफ्फुस व फुफ्फुसावरण विकार : रुग्णेतिहासातील एक आवश्यक प्रश्न

श्वासव्याधीच्या हेतूंमध्ये चरकाचार्यांनी रज व धूम यांचा स्पष्ट निर्देश केला आहे. परंतु सर्व रज सारखे नसते. शेतातील धूळ खोकल्यावाटे पुष्कळशी बाहेर पडते. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू मात्र फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाऊन तेथेच रुततात आणि त्यांचे फळ वीस ते चाळीस वर्षांनी दिसते. त्यामुळे कारखाना मुंबईत आणि रुग्ण मुळशीत, अशी स्थिती संभवते. प्रस्तुत लेखात या विकारांचा विचार आम्ही याच दृष्टीने करीत आहोत.

मुळशीचा संबंध

मुळशी खोऱ्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईस जात आली आहेत. डबेवाल्यांप्रमाणेच गिरणी, गोदी व कारखाने येथेही त्यांनी नोकऱ्या केल्या आणि निवृत्तीनंतर अनेक जण गावी परतले. घाटकोपर येथील ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी केली व तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी सुमारे २२ टक्के व्यक्तींना ॲस्बेस्टॉसिस आढळला. गोदीतील जहाजदुरुस्ती, बॉयलरचे लेपन, ब्रेक लायनिंग, सिमेंटचे पत्रे व नळ यांचे कारखाने ही या संपर्काची प्रमुख स्थाने होत. कामाचे कपडे घरी धुणाऱ्या पत्नीसही हा रजःसंपर्क होतो, हे विसरू नये.

व्याधिस्वरूप

१. ॲस्बेस्टॉसिस : फुफ्फुसधातूत व्रणवस्तू निर्माण होऊन ते कठीण होते. प्रथम चढ चढताना दम लागतो, शुष्क कास असतो. पुढे बसल्या जागीही श्वास अपुरा पडतो. पाठीकडून फुफ्फुसतळाशी श्वास घेण्याच्या अखेरीस चरचर ऐकू येते. काही रुग्णांत बोटांची टोके फुगून नखे वाटोळी होतात.

२. फुफ्फुसावरणावरील चकत्या : बहुधा लक्षणरहित, क्ष-किरण चित्रात अकस्मात दिसतात. त्या पूर्वीच्या संपर्काची खूण होत.

३. उरस्तोय व आवरणाची सार्वत्रिक जाडी : संपर्कानंतर पहिल्या दहा-वीस वर्षांतही उरस्तोय होऊ शकतो. आवरण सर्वत्र जाड झाल्यास छाती पुरेशी फुलत नाही.

४. कर्करोग : फुफ्फुसाचा कर्करोग व आवरणाचा मेसोथेलिओमा. धूम्रपान व ॲस्बेस्टॉस एकत्र आल्यास फुफ्फुसकर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी असा संबंध नाही. म्हणून विडी न ओढणारा रुग्णही सुरक्षित समजू नये. एका बाजूची सतत छातीदुखी, रक्तमिश्रित व पुनःपुन्हा भरणारा उरस्तोय, वजनातील घट ही धोक्याची लक्षणे होत.

सापेक्ष निदान

तमकश्वास वेगाने येतो व मधल्या काळात रुग्णास बरे वाटते. ॲस्बेस्टॉसिसमध्ये दम हळूहळू, पण सतत वाढत जातो. राजयक्ष्म्याचा भ्रम तर नेहमीचा. म्हणून थुंकीची तपासणी प्रथम करावी. ती निर्दोष असूनही रुग्ण सुधारत नसेल तर औषध बदलत बसू नये. क्ष-किरण चित्र, स्पायरोमेट्री व आवश्यक तेथे सी. टी. स्कॅन यांसाठी त्यास औंधचे जिल्हा रुग्णालय अथवा ससून येथे पाठवावे.

पाठविण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : "तरुणपणापासून कोठे, काय काम केले?" केवळ "नोकरी" एवढे लिहू नये. कारखाना, खाते, वर्षे व धुळीचा प्रकार नोंदवून ती नोंद पत्रासोबत द्यावी.

या नोंदीचे महत्त्व औषधाहून कमी नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला आणि निदान झालेल्या बाधितांस एक लाख रुपये भरपाईचा निर्देश केला. कारखाना अधिनियमाप्रमाणेच २०२० च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही ॲस्बेस्टॉसिस अधिसूचित व्याधी आहे. लेखी सूचना देण्याचे कर्तव्य आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीकृत चिकित्सकाचे असले, तरी रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे. हजेरीकार्ड, कामगार विमा व भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे जपण्यास रुग्णास सांगावे.

चिकित्सा

निदानपरिवर्जन हेच प्रथम सूत्र. रुतलेले तंतू विरघळविणारे कोणतेही भस्म अथवा कल्प नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. ॲस्बेस्टॉसिस याप्य समजून धूम्रपानत्याग, संसर्गापासून रक्षण, झेपेल तेवढे चालणे व श्वसनव्यायाम सांगावेत. रुग्ण प्रायः क्षीण असल्याने तीव्र शोधन टाळून शमन व बृंहण योजावे. कासासाठी सितोपलादि, वासा, यष्टिमधु यांचा बलाबल पाहून उपयोग करावा. प्राणवायूची गरज भासल्यास किंवा कर्करोगाची शंका आल्यास एक दिवसही दवडू नये.

औषधनिर्मात्यांसाठी

भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे आजही वापरात आहेत. अखंड पत्रा फारसा धोकादायक नसतो. कापणे, भोके पाडणे व फोडणे यांतून तंतू उडतात. मुळशीचा पाऊस छपरे जीर्ण करतो. आपल्या गोदामाचे वा चूर्णखात्याचे छप्पर बदलताना पत्रे भिजवून, न फोडता उतरवावेत. तुकडे झाडू नयेत, ओले करून बंद पिशवीत भरावेत. साधा रुमाल संरक्षण देत नाही. गोळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या शंखजिऱ्याच्या भुकटीत ॲस्बेस्टॉसचे मिश्रण असू शकते. त्यामुळे पुरवठादाराकडून ॲस्बेस्टॉसरहित असल्याचा तपासणी-अहवाल मागावा.

सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. आपल्या चिकित्सालयात बरा न होणारा दमा घेऊन वृद्ध कामगार येईल, तेव्हा नाडीपरीक्षेबरोबर त्याच्या कामाचीही परीक्षा व्हावी, अशी समस्त वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे.